चौदा तासांच्या अंतरावरची बाई

२२ एप्रिल, मंगळवार

जुळले म्हणे मी! कुणाशी, ते मात्र सांगत नाहीत.

मशीनवर बसले होते. विमानाच्या सीटची पाठ शिवायची ती एका दमात. मध्ये थांबलं की शिवण वाकडी जाते, म्हणून मी कामात फोन घेतच नाही. आज तीनदा वाजला. चौथ्यांदा घेतला तो चिडूनच. पलीकडे एक बाई, अगदी मऊ आवाजात — "सात वर्षांपूर्वी तुम्ही गालाच्या आतून नमुना दिला होता, आठवतं का?" मला आठवला तो बिस्किटांचा पुडा. विमानतळालगतच्या आमच्या शेडमध्ये शिबिर होतं. कापसाची काडी गालात फिरवून घेतली की पुडा मिळत होता, म्हणून रांगेत उभी राहिले. खाल्ला आणि विसरले! आता या बाई म्हणतात, रक्ताच्या आजाराची एक पेशंट आहे. दुसऱ्या कुणाच्या मूळ पेशी तिच्या अंगात घातल्या तरच वाचेल. घरातलं कुणी जुळलं नाही. सगळ्या जगाच्या नोंदी धुंडाळल्या, आणि निघाले कोण, तर मी.

सगळ्या जगात मी! शेडमध्ये चहा सांगतात तेव्हासुद्धा मला मोजायचं राहून जातं.

फोन ठेवला आणि पाठ पूर्ण केली. शिवण वाकडी गेली. उसवून पुन्हा घातली.

२७ एप्रिल, रविवार

घरात सांगितलं. यांनी ब्रश धुता धुता ऐकलं. हे रंगारी — लोकांची घरं रंगवतात — आणि विचार करायचा असला की ब्रश धूत बसतात. धुतलेला ब्रश पुन्हा धुतला. मग म्हणाले, "दुखेल का?"

"दुखेल थोडं."

"मग आठ दिवस भांडी माझ्याकडे."

एवढंच. आणि तोच ब्रश तिसऱ्यांदा धुवायला घेतला. मला कळतं.

सासरेबुवांची तऱ्हा निराळी. चाळीस वर्षं एका उंच कचेरीत लिफ्टमन होते, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत तयार. "अस्थिमज्जा म्हणजे हाडातलं ना? ते काढलं तर तू उभी कशी राहणार, सूनबाई?" समजावलं, हाडाला कुणी हात लावत नाही. आधी इंजेक्शनं देतात, मग हाडातल्या पेशी रक्तात उतरतात, त्या मशीन गाळून घेतं. थोड्या दिवसांत अंगात पुन्हा तेवढ्याच तयार होतात. तर म्हणाले, "घेतलं तरी कमी होत नाही? असा पगार कुठे मिळाला नाही मला."

१६ मे, शुक्रवार

तपासण्या झाल्या. सगळं ठीक. नोंदणीवाल्या बाई आज समोरासमोर भेटल्या. फोनवरच्या आवाजावरून मला वाटलं होतं नाजूक असतील. चांगल्या आडव्या बांध्याच्या, हातात टोपलीएवढी पर्स!

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. "पेशंट बाई आहे. चाळिशी उलटलेली. दूरच्या दवाखान्यात आहे. याच्यापुढे मला काही विचारू नका, तिलाही तुमच्याबद्दल काही सांगणार नाही. वर्षभरानंतर दोघींची इच्छा असेल तर बघू." मग माझ्याकडे नीट वळून बसल्या. "आता हे ऐका, ताई. तुमच्या पेशी घालायच्या आधी तिच्या स्वतःच्या सगळ्या संपवाव्या लागतात. एकदा ते सुरू झालं की मागे फिरता येत नाही. त्यानंतर तुम्ही नाही म्हणालात, किंवा काढलेल्या पेशी तीन दिवसांत तिथे पोचल्या नाहीत —" पुढचं सांगायची गरजच नव्हती.

सही केली आणि बाहेर येऊन जिन्यावर बसले. एक अनोळखी बाई आपलं सगळं रिकामं करून पडून राहणार, कुठल्या भरवशावर? तर मी सर्दी-पडसं होऊ देणार नाही, रस्ता नीट ओलांडीन, या भरवशावर!

५ जून, गुरुवार

पहिलं इंजेक्शन. नर्स हसरी आहे. जाता जाता नोंदणीवाल्या बाई म्हणाल्या, "तिकडे सुरू झालंय."

रस्ता ओलांडताना दोन्हीकडे दोन-दोनदा पाहिलं. मागच्या माणसाने हॉर्न वाजवला. वाजव बाबा!

८ जून, रविवार

हाडं अशी ठणकतात की हसले तरी बरगड्या ओरडतात. आणि सासरेबुवा नेमके आजच रंगात आलेत.

९ जून, सोमवार

दिलं!

सकाळपासून खुर्चीवर. एका हातातून रक्त बाहेर, मशीनमधून फिरून दुसऱ्या हातात परत. मशीनचा आवाज थेट माझ्या शिलाई मशीनसारखा, संथ चालवल्यावर येतो तसा. मी कान देऊन ऐकत होते. कुठे दोरा अडकतोय का म्हणून! दुपारी तीनच्या सुमाराला नर्सने पिशवी काढून दाखवली. तळहाताएवढी. फिकट लाल. आतला ऐवज कपभर असेल-नसेल.

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढ्यात एक पूर्ण माणूस उभं राहतं," ती म्हणाली. मी वेड्यासारखी त्या पिशवीकडे बघत राहिले. सेहेचाळीस वर्षं हे अंग वागवतेय, त्यात असलं काही आहे याचा पत्ता नाही.

मग ती पिशवी पोचवणारा पेटीवाला आला. खरं म्हणजे त्याची माझी भेट व्हायला नको होती, पण तो वेळेच्या आधी आला आणि दारातच गाठ पडली. साठीचा उंच माणूस. पूर्वी पोस्टात होता, आता हौसेने हे काम करतो, असं नर्स म्हणाली. हातात निळी थंड पेटी. ही विमानात सामानात टाकत नाहीत, क्ष-किरणांखालून नेत नाहीत. सबंध वेळ त्याच्या पायाशी राहते. झोपला तरी तिचा पट्टा मनगटाला. मी विचारलं, "उद्या सकाळी निघताय?" तो बोलून गेला — "हो ना. चौदा तास सलग बसायचं म्हणजे पाठीची पार वाट लागते हो."

नोंदणीवाल्या बाईंनी असे डोळे वटारले की बिचारा कानापर्यंत लाल झाला.

पण मला राहवेना. म्हटलं, "सीटच्या आतल्या शिवणीत बोट घालून बघा. पिवळा टाका लागला तर ती मी शिवलीय." आमच्या शेडची ती रीत आहे. प्रत्येकीने आपल्या रंगाचा एक टाका आत लपवून घालायचा, म्हणजे शिवण उसवली की मुकादमाला कुणावर ओरडायचं ते कळतं! पेटीवाला म्हणाला, "नक्की बघतो." बाईंनी त्याला जवळजवळ ओढतच नेलं.

एकोणीस वर्षं विमानांच्या सीटची कव्हरं शिवतेय. हजारो माणसं माझ्या कामावर बसून जग फिरली असतील. मी स्वतः एकदाही उडालेले नाही. आणि आज माझ्या अंगातलं कपभर काहीतरी माझ्या आधी निघालं!

संध्याकाळी — यांनी एका घराच्या रंगकामातून उचलून आणलेला पृथ्वीचा गोल माळ्यावर होता. काढला. एका समुद्रावर पांढऱ्या रंगाचा ओघळ आहे, बाकी ठणठणीत. विमान ताशी नऊशे किलोमीटर जातं हे शेडमध्ये सगळ्यांना पाठ आहे. चौदा तासांचे किती ते काढले, गोलाला टेप लावून घेर मोजला, आणि तेवढ्या हिशोबाचा दोरा कापला. एक टोक आपल्या गावावर अंगठ्याने दाबून धरलं, दुसऱ्या टोकाला पेन्सिल, आणि गोल फिरवला.

रेघ उमटली. बरीचशी पाण्यावरून गेली. पण जिथे जमिनीवरून गेली तिथे बोट ठेवत ठेवत फिरले. वाळवंट, शहरं, बेटं, पुन्हा शहरं. या रेघेवर कुठेतरी एक बाई पडलीय. रिकामी. माझी वाट बघत.

अंगावर सर्रकन काटा आला. अजून जात नाही.

१० जून, मंगळवार — सकाळ

घरी बसून आराम करायला सांगितलंय. कुठला आराम! हे म्हणाले, "तू कारखान्यात जायला निघालीस तर मी बोलणार नाही तुझ्याशी." तरी निघाले. तेही आले पाठोपाठ, न बोलता, माझी पिशवी धरून.

मुकादमाला सरळ विचारलं, "आपल्या विमानतळावरून चौदा तास सलग उडणारं विमान कुठलं?" त्याने डोकं खाजवायची तसदीसुद्धा घेतली नाही. "एकच आहे. अकराचं."

म्हणजे कळलं! पण ज्या शहराचं नाव मला कळायला नको होतं ते इथे लिहीत नाही. कागदालाही सांगणार नाही. दिलेला शब्द पाळायचा.

अकराला शेडच्या मागच्या दारात उभे राहिलो. विमान धावपट्टीच्या टोकाला वळलं, थांबलं, आणि सुटलं. हा आवाज रोज ऐकते, रोज कपाळाला आठ्या घालते. आज दोन्ही हात आपोआप छातीशी गेले. एवढं प्रचंड धूड — आणि त्याच्या पोटात, एका माणसाच्या पायाशी, माझी ती पिशवी! हे नुसते बघत होते. मग म्हणाले, "गेलीस तू." बोलणार नव्हते म्हणे.

दुपार

मुकादमाने यांच्या मोबाईलवर विमान दाखवणारा नकाशा घालून दिला. पिवळं टिचभर विमान, मागे रेघ. घरी आलो तर सासरेबुवा चष्मा पुसून तयार.

पहिला वाद वेळेचा. विमान इथून अकराला निघतं आणि तिथे त्याच दिवशी दुपारी अडीचला उतरतं, असं मोबाईलवर लिहिलेलं. "अकरा ते अडीच. साडेतीन तास! चौदा कुठले? तुम्हाला त्या पेटीवाल्याने बनवलं." मी म्हटलं, तिथलं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे आहे. दिवा आणला, गोल फिरवून दाखवला. बराच वेळ बघत राहिले, मग एकदम त्यांचा चेहराच बदलला. "म्हणजे ते विमान दिवसाच्या बरोबरीने पळतंय? वाटेत रात्र नाहीच?" नाहीच. वरच्या अंगाला या दिवसांत सूर्य मावळतच नाही. "आयला!" म्हणाले. माझ्यासमोर हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नव्हता.

दुसरा वाद रस्त्याचा. विमान त्या शहराच्या दिशेने न जाता सरळ वर, उत्तरेला चाललेलं! नकाशावर तर भलतीच कमान. "चुकला ड्रायव्हर," सासरेबुवांनी निकाल दिला. मलाही तसंच वाटलं. मग गोल घेतला, आपलं गाव आणि ते शहर यांच्यामध्ये दोरा धरला आणि ताणला. दोरा आपणहून सरकला. वर, वर, थेट बर्फावरून गेला! सोडून पुन्हा ताणला, पुन्हा तिथेच. सगळ्यात जवळचा रस्ता तोच. गोल उशीवर सपाट कापड बसवून बघितलं असेल त्याला हे लगेच पटेल. चुण्या घेतल्याशिवाय बसत नाही. नाहीतर ताणावं लागतं. नकाशावाल्याने कडेचं सगळं ताणून ठेवलंय, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते.

किती साधं आहे! आणि किती मोठं! एकोणीस वर्षं सीटच्या उशा शिवल्या, पण पृथ्वी गोल आहे हे मला आज कळलं. शाळेत नुसतं पाठ केलं होतं.

संध्याकाळ

सात तास झाले. विमान बर्फावर. खाली काही नाही — गाव नाही, रस्ता नाही, दिवा नाही. मी गोलावर तिथे हात ठेवून बसले होते. यांनी भाकरी पुढे ठेवली, ती तशीच.

आणि रेघ वाकली. एकदम डावीकडे. उंची कमी, कमी, कमी. सासरेबुवांनी चष्मा काढून ठेवला, ते पाहून मी जास्त घाबरले.

विमान थांबलंय. बर्फाच्या कडेला एक धावपट्टी आहे, तिथे. त्या जागेचं नावसुद्धा धड वाचता येत नाही.

मुकादमाला फोन केला. त्याने इंजिनवाल्यांकडे चौकशी केली — तेलाचा दाब कमी दाखवत होता, म्हणून खबरदारीने उतरवलं. माणसं सुखरूप. पण सुटा भाग तिथे मिळत नाही, दुसरं विमान पाठवावं लागेल. कधी? "बघतायत."

पिशवी भरली त्याला सत्तावीस तास होऊन गेले.

नोंदणीवाल्या बाईंना फोन लावला. "ताई, तुम्ही कुठल्या विमानाबद्दल बोलताय ते मला माहीत नाही." मग अगदी हळू — "आमची माणसं पेटी सोडत नाहीत. एवढंच सांगते."

११ जून, बुधवार

विमान जागचं हललेलं नाही. रात्री हे आणि सासरेबुवा आळीपाळीने माझ्याबरोबर जागले, म्हणजे माझी पाळी संपायचीच नाही.

दोनशे ऐंशी माणसं तिथल्या शाळेत नेऊन बसवलीत, मुकादम म्हणाला. पेटीवाला तिथे लहान मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला असेल. सासरेबुवा म्हणतात, "बर्फाची तरी चिंता नाही. हवं तेवढं बाहेर पडलंय." मी हसले, आणि हसता हसता रडायला लागले. त्यांनी घाईघाईने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

मला सारखी ती दिसते. तिचं स्वतःचं संपलंय, माझं पोचलेलं नाही. मधल्या मोकळ्या जागेत ती नुसती पडून आहे. तिला सांगितलं असेल का? का म्हणत असतील, येतंय हो, वाटेत आहे? मी असते तर नर्सचा चेहरा बघूनच ओळखलं असतं.

देवाला काय म्हणायचं तेही सुचेना. मी कधी कुणासाठी अशी तळमळले नाही. नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही! आणि जीव असा टांगणीला लागलाय!

दुपारी चार

उडालं! दुसरं विमान पोचलं, माणसं चढली, उडालं. सासरेबुवा टाळ्या वाजवतायत. हे ब्रश धुतायत.

१२ जून, गुरुवार

काल रात्री उतरलं. आज संध्याकाळी बाईंचा फोन. "घातल्या. सलाइनसारख्या, थेंब थेंब. तासभरही लागला नाही."

"आता वाचेल ना?"

"आता वाट बघायची. रुजल्या पाहिजेत."

जेवले. दोनदा वाढून घेतलं. मग अशी झोपले की यांनी नाकाशी हात धरून बघितलं म्हणे.

४ जुलै, शुक्रवार

रुजल्या!!

बाई फोनवर स्वतःच रडत होत्या. एवढ्या आडव्या बांध्याची बाई! मी विचारलं, हातातल्या शिरेत सोडल्या तर हाडात कशा पोचल्या? म्हणाल्या, "आपापल्या जातात. कुणी नेत नाही. रक्ताबरोबर फिरतात, हाडाशी आल्या की आत शिरतात आणि कामाला लागतात. का, ते विचारू नका, मलाही दर वेळी नवल वाटतं."

इथून तिथपर्यंत न्यायला वैमानिक लागले, दोन विमानं लागली, पेटी सांभाळणारा माणूस लागला. आणि शेवटचं वीतभर अंतर, परक्या अंगात, अंधारात, त्या स्वतः गेल्या. माझ्या पेशी! मी तर आपल्याच बाजारात रस्ता चुकते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आजचं नीट लिहायला हवं, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

मोबाईलवर त्या शहराची हवा बघायची सवय लागलीय. आज तिथे थंडी, वारा. भिंतीवर दुसरं घड्याळ लावलंय, साडेदहा तास मागचं. आम्ही रात्री जेवायला बसतो तेव्हा ती उठत असेल. हे चिडवतात, "तुझी सवत उठली का?" — सवत कुठली, आता तीच मी आहे थोडीशी!

कारण आज बाईंनी सांगितलं, तिचा रक्तगट बदलला. जन्मापासून एक होता, आता माझा आहे. बोट कापलं तर जे येईल ते माझ्यासारखं. इतक्या लांब, बर्फापलीकडे, कुणाच्या तरी अंगात माझं रक्त तयार होतंय. आज, आत्ता, मी हे लिहिताना. मला न विचारता!

स्वतःचं मनगट धरून बराच वेळ नाडी बघत बसले.

१८ फेब्रुवारी, बुधवार

चार महिने काही खबर नव्हती. विचारलं की "कळवू." आज कळलं. दोनदा दवाखान्यात परत न्यावं लागलं. साधा ताप, पण तिला साधा ताप साधा नसतो. "आता बरी आहे," बाई म्हणाल्या. "खरंच बरी?" "खरंच. खोटं सांगायची मला परवानगी नाही, ताई."

तापाचं ऐकलं आणि मी तिच्या पेशींवर चिडले. म्हणजे माझ्याच. कामचुकार मेल्या!

२३ मे, शनिवार

ठरलं. वर्ष होत आलं, मी होकार कळवलाय. तिनेही दिला तर जाणार. विमानाने. हेही येणार.

पासपोर्टसाठी फोटो काढला. फोटोत मी कुणाला तरी दम देतेय असं दिसतं. मुकादमाला कळल्यावर त्याने जेवणाच्या सुट्टीत नव्या सीटची एक रांग मोकळी करून दिली आणि आम्हा दोघांना बसवलं. पट्टे लावले. चौदा तासांचं म्हणे शिक्षण! शेडमधल्या बायका समोर उभ्या राहून पाणी हवं का विचारत होत्या. पाच मिनिटांत माझ्या पाठीत कळ आली. आपण शिवतो त्यावर बसायला इतकं अवघड! पेटीवाल्याची आठवण झाली.

भीती वाटते. खोटं कशाला. खाली काही नसेल, बर्फ आणि पाणी. पण ती कपभर पिशवी जर गेली —

सासरेबुवा म्हणाले, "मी आयुष्यभर वर-खाली केलं. तू जरा आडवी जाऊन ये."

१२ जून, शुक्रवार

दिला तिने होकार!

बाईंना विचारलं, तिकीट किती दिवस आधी काढावं लागेल. तर म्हणाल्या, "तिकीट कशाला, ताई?" ती तिथली नाहीच. तिथे तिचा भाऊ राहतो आणि तिथला दवाखाना चांगला, म्हणून उपचाराला गेली होती. मार्चमध्ये परत आली. पत्ता लिहून घेतला. कालव्यापलीकडे, पाण्याच्या टाकीजवळ, पिवळी इमारत. आमच्या कोपऱ्यावरून बसने बारा मिनिटं.

हिच्यापर्यंत पोचायला माझं रक्त सगळी पृथ्वी ओलांडून गेलं आणि तिच्या अंगातून घरी आलं!

उद्या सकाळी जाते. चालतच जाईन. काय बोलायचं ते चौदा तासांत विमानात बसून ठरवणार होते. बसने गेले तर फार लवकर पोचेन.